एक लाखाची रेघ, आठ लाखांची रेघ: मुलांसाठीच्या मदतीत आपलं घर कुठे बसतं?

जानेवारी उजाडला की शाळेच्या गेटवर एकच सवाल ऐकू येतो: "सर, कितीपर्यंत कमाई चालते?" विचारणारे कधी अब्बू असतात, कधी अम्मी, कधी नातवाचा हात धरून आलेली नानी. आम्ही उलट विचारतो, "कशासाठी?" आणि गाडी तिथेच अडते. कारण उत्पन्नाची मर्यादा एक नाही. रेशनची वेगळी, आरटीईची वेगळी, लाडकी बहीणची वेगळी, मुलीच्या कॉलेज फीची वेगळी. एकाच घराला एका खिडकीवर 'गरीब' म्हणतात आणि शेजारच्या खिडकीवर 'तुमचं उत्पन्न जास्त आहे' म्हणून परत पाठवतात. नंदाखाल, आगाशी, सोपारा गाव, पापडी, कुठेही जा, लोकांचा गोंधळ हाच. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट साफ करू. विलायतेत मुलं असलेल्या कुटुंबाला सरकार थेट पैसे देतं, पाळणाघराच्या खर्चातही वाटा उचलतं. तिथले जुने टॅक्स क्रेडिट एप्रिल २०२५ मध्ये बंद झाले आणि त्यांची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली. त्यात कामावर जाणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चाचे ८५ टक्क्यांपर्यंत पैसे एका कमाल रकमेच्या आत परत मिळतात. महत्त्वाचं म्हणजे, ठरलेल्या रकमेच्या वर १ पौंड जास्त कमावला तर मदत ५५ पेन्सने घटते, एकदम बंद पडत नाही. म्हणजे उतार आहे, कडा नाही. (तिथेही वरच्या कमाईवाल्यांना कडा आहेच. आईबापांपैकी एकाचं उत्पन्न १ लाख पौंडांच्या वर गेलं की पाळणाघराची करमुक्त सवलत पूर्ण जाते.)

आपल्याकडे असं एकच खातं नाही. मदत तुकड्यातुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची रेघ आहे. रेघेच्या अलीकडे सगळं, पलीकडे काही नाही.

रेघा वर्षाच्या हिशेबात लिहिलेल्या असतात, पण आपलं घर महिन्यावर चालतं. म्हणून १२ ने भागून बघू. रेशनच्या अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात शहरी भागाची मर्यादा ५९ हजार आणि ग्रामीण भागाची ४४ हजार. म्हणजे शहरात महिना ४,९१७ आणि गावात ३,६६७ रुपये. आपल्या पट्ट्यात गाव महापालिकेत राहावं की ग्रामपंचायतीत जावं याचा वाद वर्षानुवर्षे चालला, त्यामुळे आपलं घर कोणत्या हद्दीत धरलं आहे हे आधी विचारून घ्या. केशरी शिधापत्रिकेची मर्यादा १ लाख, म्हणजे महिना ८,३३३. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी दुर्बल घटकाची मर्यादाही १ लाखच. लाडकी बहीण अडीच लाख, म्हणजे महिना २०,८३३. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ८ लाखांच्या आत. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या फी माफीतही ८ लाख, म्हणजे महिना साधारण ६६,६६६.

आता यातली १ लाखाची रेघ बघा. पिवळं, केशरी, पांढरं असे तीन रंगांचे रेशनकार्ड महाराष्ट्रात १९९९ मध्ये आले. केशरीची वरची मर्यादा तेव्हाही १ लाख होती आणि अजून तीच आहे. त्या वर्षी जन्मलेलं पोर आज स्वतः बाप झालंय, पण रेघ हललेली नाही. वसई पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात महिना साडेआठ हजारांवर काम करणाऱ्या बापाचं वर्षाचं उत्पन्न होतं १ लाख २ हजार. २ हजारांसाठी त्याचं मूल आरटीईच्या दुर्बल घटकातून बाहेर. आणि आरटीईचा प्रवेश पहिलीपासून आठवीपर्यंतचा आहे, म्हणजे आठ वर्षांची फी गेली. याला आम्ही कडा म्हणतो. साडेआठ हजारात विरारला भाडं भरून मुलाला खासगी शाळेत घालणारा श्रीमंत आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा महिनाभर तसं जगून बघावं.

आपल्या लोकांना मर्यादेची कल्पना नवीन नाही. जकातीचा निसाब सगळ्यांना ठाऊक आहे: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. पण निसाब बघतो तो गरजा भागवून वर्षभर शिल्लक राहिलेला माल. सरकारची रेघ बघते ती आत आलेली कमाई. तुमच्यावर कर्ज किती, अब्बांच्या डायलिसिसला किती जातात, हे ती विचारत नाही. म्हणून जकात घ्यायला पात्र असलेलं घर सरकारी योजनेत अपात्र ठरू शकतं, आणि उलटही होतं.

कोणाची कमाई धरायची?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. सासरा, दीर यांची कमाई त्यात येत नाही. आरटीईत आईवडिलांचं उत्पन्न. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात अर्जदार, त्याचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, शिवाय लग्न झालं असेल तर जोडीदार आणि मुलं. पण रेशनकार्डावर तर अख्खं खानदान असतं. तीन भाऊ, त्यांच्या बायका, नऊ मुलं, एक कार्ड. एका भावाला कुवेतला नोकरी लागली की कार्डाचं उत्पन्न चढतं आणि गाळ्यात काम करणाऱ्या दुसऱ्या भावाच्या मुलांचा हक्क धोक्यात येतो. चूल खरोखर वेगळी असेल तर कार्डही वेगळं करून घ्या. भाऊ रुसतो, अम्मी म्हणते घर फोडलं. तिला समजावून सांगा की कागद वेगळा केलाय, दस्तरखान नाही.

दुसरी चूक पगाराची. लोक हातात येणारा पगार सांगतात. दाखल्यासाठी बघतात तो कपातीआधीचा पगार. पीएफ कापून १९ हजार हातात येत असतील आणि कागदावर २१ हजार असतील तर वर्षाचे होतात २ लाख ५२ हजार. लाडकी बहीणची रेघ ओलांडली.

तिसरी गोष्ट रिटर्नची. लाडकी बहीण योजनेत घरात कोणी आयकर भरणारा असेल तर बाई अपात्र. ट्रॅक्टर सोडून चारचाकी नावावर असेल तरी अपात्र. आता विरारला फ्लॅटचं कर्ज घ्यायचं म्हणून बऱ्याच जणांनी रिटर्न भरले. रिटर्न भरणं आणि कर भरणं एक नव्हे. शून्य कराचा रिटर्न भरणारा करदाता ठरतोच असं नाही. पण त्या रिटर्नमध्ये कर्ज मोठं मिळावं म्हणून ४ लाख उत्पन्न दाखवलं असेल, तर दुसऱ्या खिडकीवर ९५ हजारांचा दाखला लावता येणार नाही. पॅन आणि आधार जोडलेले आहेत. २०२५ मध्ये या योजनेला ई-केवायसी आली आणि बाईसोबत तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागला, तो उगाच नाही.

पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर लाडकी बहीणसाठी उत्पन्नाचा वेगळा दाखला लागत नाही. पांढरं कार्ड असलेल्या किंवा कार्डच नसलेल्या बाईला तो लागतो. हे माहीत नसल्याने किती तरी भाभी सेतूच्या रांगेत विनाकारण उभ्या राहिल्या.

पाळणाघराचं काय?

विरार लोकलने अंधेरी-दादरला जाणारी बाई पहाटे निघते आणि रात्री परतते. मूल नानीकडे किंवा दादीकडे. नानी गावी असेल तर शेजारणीकडे, नाहीतर पैसे देऊन खासगी पाळणाघरात. या खर्चाला आयकरात काही सूट आहे का, असं नोकरी करणाऱ्या आपा विचारतात. सरळ उत्तर: पाळणाघराच्या फीला नाही. जुन्या करपद्धतीत दोन मुलांची शाळेची ट्यूशन फी कलम ८०सी मध्ये, बाकी सगळ्या बचतीसकट दीड लाखाच्या आत धरता येत असे. १९६२ च्या आयकर नियमांत मुलांच्या शिक्षण भत्त्याची करमाफी होती महिना १०० रुपये, तीही फक्त दोन मुलांपर्यंत. शंभर रुपयांत आज वह्यांचा एक गठ्ठाही येत नाही. नव्या करपद्धतीत या सवलती नाहीतच, पण २०२५-२६ पासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे बहुतेक पगारदार घरांना त्यांची उणीवही भासणार नाही. मूल असण्या-नसण्याने तिथे काही फरक पडत नाही, एवढाच मुद्दा.

सरकारी पाळणाघरं होती आणि आहेत. राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत आईबापांचं मिळून उत्पन्न महिना १२ हजारांच्या आत असावं अशी अट होती. त्यानंतर आलेल्या 'पाळणा' योजनेत, जी २०२२ पासून मिशन शक्तीखाली चालते, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं आहे: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास, महिन्यातले २६ दिवस. आई नोकरीला असो की नसो. कागदावर चांगली योजना आहे. पण साडेसात तास म्हणजे सकाळी साडेनऊला सोडलेलं मूल संध्याकाळी पाचला घ्यायचं. विरारहून दादरला जाणारी बाई पाचला ऑफिसमधून नुकती उठत असते. तरी गावात किंवा जवळपास काम करणाऱ्या बायांसाठी हे उपयोगाचं आहे. आपल्या अंगणवाडीताईंना विचारा: "ताई, आपल्याकडे पाळणा मंजूर आहे का?" नसेल तर दहा-पंधरा आयांच्या सह्यांचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात द्या. मागणी कागदावर नसेल तर 'गरज नाही' असंच धरलं जातं.

नोकरीच्या जागेचा हक्क वेगळा. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात अट आली की ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चा आकडा कायम आहे. हे ५० म्हणजे ५० बायका नव्हेत, एकूण कर्मचारी. इथे आईचा पगार किती हा प्रश्नच येत नाही. अडचण अशी की गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांत वीस-तीस माणसं असतात, ती या कायद्याच्या बाहेर राहतात. पण मोठ्या कंपनीत, हॉस्पिटलात, मॉलमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलींनी एचआरला लेखी विचारायला काहीच हरकत नाही.

जिथे रेघच नाही

लोक मर्यादेच्या धसक्याने तिथेही जात नाहीत जिथे मर्यादा नाही. अंगणवाडी ही पहिली. १९७५ पासून चालू आहे. पोषण आहार, लसीकरण, वजन, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदर आणि स्तनदा मातांचा आहार, यात कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. कोणी मागितला तर का मागता हे विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीपर्यंतचा पोषण आहार आणि पाठ्यपुस्तकं, यातही उत्पन्न बघत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली, पांढऱ्या कार्डासकट, वर्षाला ५ लाखांपर्यंत.

बांधकाम कामगार मंडळाचं तर आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले कितीतरी लोक रंगकाम, टाइल्स, प्लंबिंग, फॅब्रिकेशनमध्ये आहेत. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, एवढ्यावर नोंदणी होते. नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना शिष्यवृत्ती: पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५ हजार, अकरावी-बारावी १० हजार, पदवीला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार, मेडिकलला १ लाख. हजेरी आणि गुणांच्या अटी आहेत, उत्पन्नाची नाही. नोंदणीचं नूतनीकरण मात्र विसरू नका.

बेवा भगिनींसाठी दोन गोष्टी. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्न मर्यादा वर्षाला २१ हजार आहे, म्हणजे महिना १,७५०. मदत मिळते महिना १,५०० ची. चार घरी भांडी घासणारी बाईसुद्धा या रेघेच्या वर जाते. पण क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना त्यापेक्षा वेगळी आहे. वडील किंवा आई गेलेल्या, किंवा सांभाळ अडचणीत आलेल्या मुलासाठी २०२३ पासून महिना २,२५० रुपये, प्रत्येक मुलामागे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, निर्णय बाल कल्याण समितीचा. पालघरला दोन-तीन खेपा होतात हे खरं आहे. दोन मुलं असतील तर महिना साडेचार हजार, म्हणून खेपा कराव्यात असं आमचं मत आहे. सोबत मोहल्ल्यातलं कोणीतरी शिकलेलं जावं.

मुलगी जन्मली असेल तर 'लेक लाडकी'ही बघा. १ एप्रिल २०२३ नंतरचा जन्म आणि पिवळं किंवा केशरी कार्ड. जन्मावेळी ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ व्या वर्षी ७५ हजार, एकूण १ लाख १ हजार. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५ हजार, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार.

जातीचा दाखला असेल तर रेघ बदलते

आरटीईत महाराष्ट्राने २०१८ मध्ये ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास यांना 'वंचित' गटात घेतलं. वंचित गटाला उत्पन्नाची १ लाखाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. धार्मिक अल्पसंख्याक म्हणून अर्ज केला तर मात्र तुम्ही दुर्बल घटकात जाता आणि १ लाखाची अट लागते. म्हणजे बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी-मन्सुरी, खाटीक यांनी 'मुस्लिम' या रकान्यावर न थांबता ओबीसीचा दाखला काढला तर महिना २० हजार कमावणाऱ्याचं मूलही बसतं. अडचण पुराव्याची. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा कागद लागतो. सोपाऱ्याच्या जुन्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडतो. नालासोपाऱ्यात वीस वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेल्या अन्सारी कुटुंबाला तो कुठून मिळणार? त्यांच्यासाठी १ लाखाचीच रेघ उरते.

आणि आपल्या भागाची आणखी एक गोम. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना आरटीईचा कायदाच लागू नाही. नंदाखाल-आगाशी पट्ट्यात मिशनच्या शाळा आहेत, पलीकडे आपल्याच ट्रस्टच्या उर्दू आणि इंग्रजी शाळा आहेत. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेचं नाव आरटीईच्या यादीत दिसणारच नाही. ती शाळा घरासमोर आहे म्हणून अर्ज करायला बसू नका, आधी यादी बघा. अशा शाळांत फी सवलत हवी असेल तर थेट व्यवस्थापनाला अर्ज करावा लागतो. आपल्या ट्रस्टवाल्यांनीही एक विचारणा स्वतःला करावी: कायद्याने सुटका मिळाली, पण पंचवीसातल्या किती जागा आपण आपल्याच गरिबांना देतो?

मुलगी बारावी झाली असेल तर २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशात शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कोकणी मुस्लिमांसारखी ओबीसीत नसलेली घरं ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात. त्याला धर्माची आडकाठी नाही. लक्षात ठेवा, नॉन-क्रीमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पण ईडब्ल्यूएसला आणि फी माफीच्या उत्पन्न दाखल्याला सगळं धरतात. एक दाखला मिळाला म्हणून दुसरा मिळेलच असं समजू नका.

९५ हजारवाला दाखला

आता कडवट बोलतो. "तीन हजार द्या, ९५ हजारांचा दाखला आणून देतो" असं सांगणारे लोक सेतूच्या बाहेर उभे असतात. रेघ अन्यायाची आहे हे आम्ही वर लिहिलंच. पण खोटा दाखला लावून मिळालेला आरटीई प्रवेश पडताळणीत रद्द होतो आणि मूल वर्षाच्या मध्यात वर्गाबाहेर जातं. शिवाय ती जागा ज्या मुलाची होती तो दाराबाहेरच राहतो. बहुतेक वेळा तो आपल्याच गल्लीतला असतो. शपथपत्रावरची सही बापाची असते, एजंटची नसते.

खरा दाखला काढायला एजंट लागत नाही. आपले सरकार केंद्रात किंवा घरी मोबाइलवरून अर्ज करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, रेशनकार्ड, फोटो, नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, नसेल तर तलाठ्याचा अहवाल, आणि स्वयंघोषणापत्र. सही वसई तहसीलदारांची. ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे, म्हणून मुदत ठरलेली आहे, आणि मुदतीत दाखला आला नाही तर अपील करता येतं. पावती जपून ठेवा. भाड्याने राहणाऱ्यांनी आरटीईसाठी भाडेकरार नोंदणीकृतच करावा. साध्या स्टॅम्पवरचा चालत नाही, आणि अर्जानंतर नोंदवलेलाही चालत नाही.

दाखल्यावर छापलेली मुदत बघा. बहुतेक दाखले ३१ मार्चला संपतात. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की जूनच्या प्रवेशांसाठी सगळे एकदम तहसीलवर धावतात आणि सर्व्हर बसतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकावा. एक वर्षाचा लागतो की तीन वर्षांचा हे शाळेत किंवा कॉलेजात आधी विचारून घ्यावं, नाहीतर दुसरी खेप ठरलेलीच.